गेले किती, आले किती

मंडळी, नागपूरच्या बाईनं शिडाच्या होड्यांवर लिहायचं म्हणजे जरा गंमतच! आमच्यापासून समुद्र कुठल्याही दिशेला शेकडो मैल लांब. आमचं पाणी म्हणजे अंबाझरी, फुटाळा आणि गांधीसागर. लहानपणी गांधीसागरला आम्ही शुक्रवारी तलावच म्हणायचो. होडी म्हटलं की आम्हाला पावसाळ्यात नालीत सोडायची कागदाची होडी आठवते. पण आज लिहिणार आहे ते होड्यांवरच. आणि खरं सांगायचं तर होड्यांवर कमी, मोजण्यावर जास्त.

2018 च्या उन्हाळ्यात मी लेकीकडे इंग्लंडला गेले होते. तिथे ती आणि जावई एका सेलिंग क्लबचे सभासद आहेत. क्लब म्हणजे आपल्याकडच्यासारखं गालिचे आणि वेटर असलेलं प्रकरण डोळ्यांसमोर आणू नका. एक धरणाचं पाणी, काठावर लाकडी खोली, एक डोलकाठी आणि ओळीनं ठेवलेल्या होड्या, बस्स. पगारी नोकर एकही नाही. सगळी कामं सभासदांनीच आळीपाळीनं करायची. वर्षाच्या सुरुवातीलाच यादी लागते. वर्षातून दोन-तीन रविवार तुमचा नंबर. जमत नसेल तर दुसऱ्या कुणाशी अदलाबदल तुम्हीच करून घ्यायची. त्या दिवशी बाकीचे होड्या घेऊन पाण्यात जातात आणि तुम्ही काठावर उभे राहता. या माणसाला म्हणतात ड्यूटी ऑफिसर. नाव भारदस्त, मोबदला म्हणजे एक कप चहा!

एका रविवारी लेकीचा नंबर होता. "आई, चल माझ्याबरोबर, कंटाळलीस तर परत आणून सोडीन," म्हणाली. गेले.

शर्यत सुरू व्हायच्या तासभर आधी आम्ही पोचलो. तिनं कुलूप काढलं, वारा कुठून येतो ते पाहिलं, हवामानाचा अंदाज वाचून फळ्यावर लिहिला. मग रबरी काठाची मोटारबोट तपासली. हिला सेफ्टी बोट म्हणतात. पेट्रोल किती आहे, वॉकीटॉकी चालतात का, प्रथमोपचाराची पेटी भरलेली आहे का, सगळं स्वतःच्या हातानं. त्या बोटीच्या इंजिनाला एक लाल दोरी असते. चालवणारा ती पायाला अडकवतो. तो पाण्यात फेकला गेला तर दोरी सुटते आणि इंजिन आपोआप बंद पडतं. नाही तर रिकामी बोट गोल गोल फिरत येऊन त्याच्याच अंगावर जायची. ही दोरी पाहून मला फार बरं वाटलं. माणूस चुकणार हे आधीच धरून कुणीतरी विचार केला होता.

शर्यत सुरू करण्याचीही एक रीत आहे. जगभर साधारण सारखीच. पाच मिनिटं उरली की एक निशाण वर आणि भोंगा. चार मिनिटं उरली की दुसरं निशाण, बहुधा निळं, मध्ये पांढरा चौकोन असलेलं. एक मिनिट उरलं की ते खाली. पाचवं मिनिट संपलं की पहिलंही खाली आणि शर्यत सुरू. भोंगा वाजला नाही तरी चालतं, खरी वेळ निशाणाची. कारण आवाज वाऱ्यावर उशिरा पोचतो, डोळ्याला ताबडतोब दिसतं. कुणी रेषा आधीच ओलांडली तर पांढऱ्यावर निळी फुली असलेलं निशाण. शर्यत रद्द करायची तर निळ्या-पांढऱ्या चौकटींचं निशाण आणि तीन भोंगे.

आणि एक वही. या वहीसाठीच हा सारा लेखप्रपंच. पाण्यात जाणाऱ्या प्रत्येकानं जाण्यापूर्वी त्यात लिहायचं. शिडावरचा नंबर, सुकाणूवर कोण, सोबत कोण. परत आलं की आपल्या नावापुढे खूण करायची. ज्याच्यापुढे खूण नाही तो अजून पाण्यात आहे, असंच धरायचं.

त्या दिवशी एकोणीस होड्या लिहिल्या गेल्या. दुपारनंतर वारा वाढला. एक होडी आडवी झाली, पाठोपाठ दुसरी. सेफ्टी बोट निघाली. लेक वॉकीटॉकीवर एवढंच म्हणाली, "आधी डोकी मोजा, होडीचं नंतर बघू." चारही डोकी वर दिसली. होड्या तशाच पडू दिल्या, माणसं आधी आणली. थोड्या वेळानं तिनं शर्यतच रद्द केली. काही जणांना ते आवडलं नसावं. शर्यतीच्या नियमांत तर स्पष्ट म्हटलेलं आहे की उतरायचं की नाही, पुढे चालू ठेवायचं की नाही, याची जबाबदारी ज्याची त्याची. तरी काठावरच्या माणसाला त्याचं काम चुकत नाही.

संध्याकाळी माणसं भराभर निघून गेली. वहीत अठरा खुणा. एक बाकी.

मला थंडी वाजायला लागली होती. मी म्हटलं, "अगं, गेला असेल घरी. चल आता."

ती म्हणाली, "आई, इथे 'असेल' चालत नाही."

होड्या ठेवायच्या जागी जाऊन तिनं त्या नंबरची होडी शोधली. सापडली, वर ताडपत्रीही बांधलेली होती. मी म्हटलं, "बघ!" ती म्हणाली, "होडी आली, माणूस कुठे आला? दुसऱ्या कुणाच्या होडीत बसून परत गेला असला तर?" मग फोन. पहिल्यांदा उचलला नाही. दुसऱ्यांदाही नाही. तोपर्यंत सेफ्टी बोटीवरचे दोघे पाण्यातच थांबलेले, कुणी कुरकुर केली नाही. वीस मिनिटांनी गृहस्थांचा फोन आला. घरी चहा पीत होते, खूण करायची राहून गेली होती. लेकीनं त्यांच्या नावापुढे खूण केली, वेळ लिहिली, बोट वर ओढली, कुलूप लावलं.

परतताना गाडीत मी गप्प होते. तिला वाटलं, दमले. तसं नव्हतं. ते पुढे सांगते.

आधी थोडा इतिहास, कारण आयुष्यभर तोच शिकवला. आपल्याकडे हा खेळ इंग्रजांबरोबर आला. मुंबईचा यॉट क्लब 1846 चा, 'रॉयल' हा किताब त्याला 1876 साली मिळाला. 1982 चं एशियाड दिल्लीत झालं हे सगळ्यांना माहीत असतं. पण दिल्लीला समुद्र नाही, म्हणून शिडाच्या होड्यांच्या शर्यती मुंबईला झाल्या. फारूख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी तिथे फायरबॉल जातीच्या होडीत सुवर्णपदक मिळवलं.

पण खेळ परका असला तरी काठावरून लक्ष ठेवण्याचं काम काही परकं नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर वेगळं प्रकरण आहे. अठराव्या शतकाच्या आरंभीचा हा ग्रंथ. वर्गात शिकवताना आम्ही त्यातलं आरमाराचं महत्त्व तेवढं सांगून पुढे जायचो. पण अमात्यांनी बारीकसारीक व्यवस्थाही लिहून ठेवली आहे. पावसाळ्यापूर्वी गलबतं किल्ल्याच्या आश्रयानं सुरक्षित बंदरात न्यावीत, दरवर्षी एकाच बंदरी ठेवू नयेत, तिथे राखण असावी. लढाईची शौर्यगाथा वेगळी, आणि पावसाळ्यात रात्री गलबतांवर पहारा देणं वेगळं. दुसऱ्या कामाचे पोवाडे होत नाहीत. कोळीवाड्यातही पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात आणि नारळी पौर्णिमेला नारळ दिल्यावर दर्या खुला होतो. त्या दिवसाला मी आता सगळ्या गावानं मिळून चढवलेलं निशाणच समजते.

आणि जिथे हे लक्ष ठेवणं नसतं तिथे काय होतं, ते आपल्याच इतिहासात आहे. 17 जुलै 1947. आषाढातली अवस, घरोघरी दिव्यांच्या पूजेचा दिवस. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सकाळी आठच्या सुमाराला 'रामदास' ही आगबोट रेवसला निघाली. सणासाठी घरी निघालेल्या चाकरमान्यांनी ती भरलेली होती. अर्ध्या-पाऊण तासात वादळी वारा आणि लाटांनी ती कलंडली आणि काशाच्या खडकाजवळ बुडाली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं. रेवसच्या बाजूच्या कोळ्यांनी आपली मासळी पाण्यात टाकून होड्यांत जागा केली आणि जमतील तेवढी माणसं उचलली, असं सांगतात. पण ज्या मुंबईहून बोट सुटली, त्या मुंबईला दिवसाचा बराच भाग उलटेपर्यंत काही कळलंच नाही. तास-दीड तासाचा तर प्रवास. सगळ्यांनी धरलं असणार, पोचली असेल.

सहाशेंहून जास्त माणसं गेली. नेमकी किती? कुठे सव्वासहाशेच्या आसपास आकडा सापडतो, कुठे सातशेच्या जवळ. स्वातंत्र्याच्या आधी एकोणतीस दिवस घडलेली ही गोष्ट. महिन्याभरात देशभर झेंडे लागले आणि 'रामदास' कोकणातल्या घरांपुरती उरली. मी स्वतः तीस वर्षं इतिहास शिकवला, 1947 दरवर्षी शिकवलं, पण 'रामदास'चं नाव वर्गात एकदाही घेतलं नाही. पुस्तकात नव्हतं, म्हणून. आणि त्याच्याही आधी 1927 साली 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी एकाच दिवशी कोकणच्या समुद्रात गेल्या होत्या. म्हणजे शिकण्यासारखं वीस वर्षं समोर होतं.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं मात्र समजू नका. 6 मार्च 1987 ला 'हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ' नावाचं जहाज बेल्जियमच्या झीब्रुगे बंदरातून इंग्लंडला निघालं आणि बंदराबाहेर पडता पडता उलटलं. 193 माणसं गेली. कारण काय, तर गाड्या आत घ्यायचा पुढचा दरवाजा उघडाच राहिला होता. दरवाजा लावायचा तो माणूस आपल्या खोलीत झोपला होता. ज्यानं बघायचं त्याला वाटलं, तो येतोय. आणि कप्तानाला कुणी 'उघडा आहे' असं सांगितलं नाही, म्हणून त्यानं धरलं की बंद आहे. दरवाजा दिसेल असं काहीही त्याच्यापुढे नव्हतं. तीन माणसं, तिघांचंही एकच उत्तर. असेल.

आपल्या दाराशी म्हणाल तर 9 जुलै 2017 ला नागपूरजवळच्या वेणा धरणात तरुण पोरांची होडी उलटली, वाचले ते मोजकेच. आणि 18 डिसेंबर 2024 ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल'वर नौदलाची वेगवान बोट आदळली, पंधरा जण गेले. धडक ही वेगळी गोष्ट आहे, तिच्यावर वहीचा उपाय नाही. पण 'नीलकमल'वर परवान्यापेक्षा जास्त माणसं होती हे नंतर उघड झालं. म्हणजे चढताना मोजणारं कुणी असतं तर निदान तेवढं तरी कळलं असतं.

आता माझं. हे मी आजवर कुठे लिहिलेलं नाही.

1986 ची गोष्ट. सातवीची सहल घेऊन मी आणि आणखी एक शिक्षिका रामटेकला गेलो होतो. गडमंदिर झालं, कालिदास स्मारक झालं, मग खिंडसीचा तलाव. नागपूरहून निघताना मी स्वतः मोजली होती, सेहेचाळीस मुलं. गडावरून उतरल्यावरही मोजली. खिंडसीहून निघताना उशीर झाला होता, ड्रायव्हर भोंगा वाजवत होता. मी दारात उभी राहून विचारलं, "सगळे आले का रे?" आणि मुलांनी एका सुरात सांगितलं, "होऽऽऽ!"

निघालो. मनसरला चहासाठी बस थांबली तेव्हा मी चिवड्याच्या पुड्या वाटल्या. सेहेचाळीस बांधून आणल्या होत्या. एक माझ्या हातात उरली.

त्या पुडीचं वजन मला अजून आठवतं. दोन मुठी चिवडा, दुसरं काय! पण हात खाली गेला. बस वळवली. परतीच्या त्या रस्त्यात मी कुठल्या कुठल्या देवाला काय काय बोलले ते सांगत नाही. दिवेलागणीला खिंडसीला पोचलो तर पोरगा काठावर एका ढिवरबाबांच्या शेजारी बसून भुईमुगाच्या शेंगा खात होता. जाळी कशी टाकतात ते बघायला गेला आणि बघतच राहिला. बाबांनी त्याला पाण्याकडे जाऊ दिलं नाही, आपला डोंगा ओढून घेतला आणि घरी न जाता त्याला धरून बसले. मला पाहून एवढंच म्हणाले, "काय बाई, पोट्टे मोजून नाही घेत का जी?"

त्या दिवशी खिंडसीच्या काठावर ड्यूटीवर तेच होते. मी नव्हते.

नागपूरला पोचलो तेव्हा पालक शाळेच्या फाटकाशी जमलेले. उशीर का झाला? मी म्हटलं, बस बिघडली होती. सोबतच्या बाई काही बोलल्या नाहीत, मुलंही नाहीत. त्या मुलाची आई पुढे आली, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "बाई, तुम्ही होता म्हणून मला घोर नव्हता." मी तिला खरं सांगितलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी नाही. आता त्या हयात नाहीत.

पुढच्या सगळ्या सहलींत मी मुलं मोजली. नाव घेऊन, डोक्याला हात लावून. पोरं चिडवायची, बाई मेंढरं मोजतात म्हणून. पण लेकीच्या क्लबात त्या संध्याकाळी मला उमगलं की माझं मोजणं भीतीपोटी होतं. तिचं मोजणं रीत म्हणून होतं. कुणी आधी चुकलं असो वा नसो, वही बंद होईपर्यंत काठ सोडायचा नाही. भीती काही वर्षांनी ओसरते, रीत टिकते. म्हणून रीत लावून घ्यावी. आणि 'आले का सगळे' असं घोळक्याला विचारू नये. घोळका नेहमी 'हो'च म्हणतो. जो नाही, तो 'नाही' म्हणायला तिथे नसतोच.

गाडीत लेकीनं विचारलं, "आई, काय झालं?" तेव्हा बत्तीस वर्षांनी पहिल्यांदा खिंडसीची गोष्ट तोंडातून निघाली. ती रागावली नाही, हसलीही नाही. एवढंच म्हणाली, "पुडी उरली ते बरं झालं."

नागपुरात एनसीसीचं नौदल युनिट आहे, हे पुष्कळ नागपूरकरांनाही ठाऊक नसतं. परत आल्यावर एकदा अंबाझरीकडे फिरायला गेले असताना त्यांची मुलं होडीतून उतरताना दिसली. लाइफ जॅकेट काढत होती, खिदळत होती. एक मुलगी हातात कागद घेऊन एकेकाचं नाव वाचत होती आणि प्रत्येकानं 'हजर' म्हटल्याशिवाय पुढे जात नव्हती. समुद्र शेकडो मैल लांब, पण रीत इथवर पोचलेली. मी उगाचच तिथे उभी राहिले, तिचा कागद संपेपर्यंत.

असो. बरंच लिहिलं. आपल्या नातेवाइकांत कोकणातल्या सुना आहेत, अलिबाग-रेवदंड्याकडचे व्याही आहेत. कुणाच्या घरात 'रामदास'ची आठवण असेल, कुणी गेलेलं असेल, कुणी वाचलेलं असेल, तर मला जरूर कळवा. नाव, गाव आणि ते कुणाचे कोण, एवढं पुरे. वहीत लिहून ठेवीन म्हणते.